दोन बादल्या गाळ

१

रोज सकाळी दहाच्या सुमाराला, मशीनवर कापड चढवण्याआधी, सूनबाई मागच्या अंगणातल्या माशांच्या हौदातून दोन बादल्या गाळ काढायची. दीड नाही, तीन नाही, दोन. हा सासऱ्यांचा नियम होता आणि सासरे नियमाचे पक्के होते. उभा जन्म त्यांनी पाणीपुरवठ्याच्या फिल्टर हाउसमध्ये काढलेला. सगळ्या शहराच्या तोंडात जाणारं पाणी आधी त्यांच्या डोळ्यांखालून गेलेलं. नोकरी सुटली, गाळ काही डोक्यातून सुटला नाही.

"पाणी मुळात मळत नसतं, सूनबाई," ते सांगायचे. "आपण त्याला वेळ देत नाही, एवढंच. वेळ दिला की जे जड आहे ते आपोआप खाली बसतं. मग ते फक्त काढायचं."

फक्त काढायचं, हे बोलायला सोपं. हौद आठ फूट लांब, पाच फूट रुंद आणि अडीच फूट खोल. त्यात अकरा सोनमासे. सगळ्यात गलेलठ्ठ, तो हेडक्लार्क. शेपटी फाटलेली ती लंगडी. सगळ्यांचं खाऊन झाल्यावर सावकाश येऊन तोंड वाकडं करणारा तो जावई. नावं सासऱ्यांनीच ठेवलेली. हिरव्या नळीचं एक टोक तळाशी धरायचं, दुसरं तोंडात घेऊन एकदा जोरात ओढायचं आणि पाणी तोंडापर्यंत पोहोचायच्या आत टोक बादलीत सोडायचं. पहिल्या महिन्यात दोनदा तिचा अंदाज चुकला. सडक्या अंड्याची ती चव दिवसभर चहालाही येत राहिली. सासरे हसले नाहीत. "सवय होते," एवढंच म्हणाले.

काढलेला गाळ कुंपणाच्या भिंतीलगतच्या वाफ्यात टाकायचा. गेलेल्या पाण्याइतकं पाणी पिंपातून परत हौदात सोडायचं. तेही आदल्या दिवशी भरून ठेवलेलं, ताजं नळाचं नाही. सगळं पाणी एकदम कधीच बदलायचं नाही.

लग्न झालं तेव्हा नवरा म्हणाला होता, "सहा महिने बाबांजवळ राहा. मला जागा मिळाली की न्यायला येतो." तो दुसऱ्या शहरात शीतगृहात होता आणि चौघांबरोबर एका खोलीत राहत होता. त्याला चौदा महिने झाले. या चौदा महिन्यांत सूनबाईनं मागच्या खोलीत मशीन टाकलं, ओळखीपाळखीतून कपडे बेतायला, सैल-घट्ट करायला यायला लागले, आणि हाताला दोन वास कायमचे चिकटले. एक मशीनच्या तेलाचा, दुसरा गाळाचा.

२

त्यातला गाळाचा वास एक दिवस आला नाही.

तिच्या ते लगेच लक्षातही आलं नाही. दुसरी बादली अर्धी झाली तेव्हा ती थबकली. बादलीत वाकून वास घेतला. काही नाही. बोटानं ढवळून बघितलं. काळा, तेलकट, पानांच्या शिरा आणि माशांची घाण असलेला नेहमीचा गाळ नव्हता तो. करडा होता. मैद्यासारखा मऊ, एकसारखा, वस्त्रगाळ केल्यासारखा. बोटांवर वाळला तेव्हा कापडावर खुणा करायच्या खडूची पूड असावी तसा दिसला.

सिमेंट झिजत असेल, ती मनाशी म्हणाली. जुना हौद आहे.

तळाशी उभी धरायची एक लाकडी पट्टी होती. तिच्यावर सासऱ्यांनी इंचांच्या खाचा पाडलेल्या. काढण्याआधी गाळ चार इंच होता. दोन बादल्या काढल्यावर साडेतीन. दुसऱ्या दिवशी सकाळी परत चार. तिसऱ्या दिवशीही तेच. सूनबाईचा धंदाच मापाचा. छातीचा घेर न मोजता नुसत्या नजरेनं सांगायची. अकरा मासे, दिवसाला दोन चिमटी खाणं, आणि रोजच्या दोन बादल्या. हे माप कुठल्याच अंगानं बसत नव्हतं.

आणि बसत नव्हतं म्हणून तिनं वाफ्याकडे बघितलं. चौदा महिने, रोज दोन बादल्या. एव्हाना तिथं टेकडी व्हायला हवी होती. वाफा सपाट होता. भिंतीच्या पायाला मारलेली चुन्याची रेघ वाफ्याच्या वर जेवढी दिसायची तेवढीच दिसत होती.

"बाबा, एवढा गाळ येतो कुठून?"

सासरे खुर्चीत बसून डब्यातलं माशांचं खाणं चाळत होते. "कुठूनतरी येतोच."

"पण अकरा माशांचा एवढा?"

"माशांचा म्हटलं कोणी?" ते म्हणाले, आणि डब्याचं झाकण घट्ट लावून आत गेले.

३

मागच्या दारातून अंगणात उतरायला चार पायऱ्या होत्या. सूनबाई त्या दिवसातून दहा वेळा उतरायची, भरल्या हातानं, न बघता. एका सकाळी ती बादल्या घेऊन उतरली आणि चौथ्या पायरीसाठी टाकलेलं पाऊल धाडकन जमिनीवर आदळलं. अंधारात जिना उतरताना होतं तसं. दातावर दात आपटले. हातातल्या बादल्या खणखणल्या.

तिनं वळून मोजल्या. तीन.

आधी हसू आलं. चौदा महिन्यांत पायऱ्या मोजता येऊ नयेत म्हणजे कमाल झाली. मग तिनं गळ्यातली टेप काढली. उंबरठ्यापासून जमिनीपर्यंत एकवीस इंच. सात सात इंचांच्या तीन पायऱ्या. हिशोब चोख. तरी तिचं पाऊल खोटं बोलत नव्हतं. डोकं विसरतं, पाऊल विसरत नाही.

वाफ्यातला गाळ पाण्याबरोबर वाहत येऊन पायरीशी साचत असेल, तिनं ठरवलं. म्हणूनच वाफा सपाट. कोडं सुटलं म्हणून तिला बरं वाटलं. त्या दिवसापासून तिनं गाळ वाफ्यात टाकणं बंद केलं. दोन्ही बादल्या घराला वळसा घालून, फाटकाबाहेर नेऊन रस्त्याच्या गटारात ओतायला लागली. आठवडाभर. आठव्या दिवशी टेप लावली. साडेएकोणीस इंच.

रविवारी नवऱ्याचा फोन आला, नेहमीसारखा, पुढच्या खोलीतल्या जुन्या फोनवर.

"अहो, मागच्या दाराला पायऱ्या किती होत्या?"

पलीकडे शीतगृहाच्या यंत्राची घरघर येत होती.

"का गं?"

"सहजच विचारलं."

"मोजल्या नाहीत कधी. मी मागं जात नाही फारसा."

हे खरंच होतं. चौदा महिन्यांत तो चार वेळा आला होता. चारही वेळा पुढच्या दारातल्या खुर्चीवर बूट न काढता बसला होता. बूट काढा म्हटलं की, "आता निघायचंच आहे," म्हणायचा. एकदा तिनं त्याला मासे बघायला चला म्हटलं, तर तो तिच्याकडे असा बघत राहिला, की तिनंच विषय बदलला.

४

पुढच्या आठवड्यात तिला ताप भरला. तीन दिवस अंथरुणातून उठता आलं नाही. खोलीतला उजेड तिला कमी कमी वाटत होता. तापाच्या डोळ्यांना तसं वाटतं. आवाजही लांबून येत होते, उशीखालून आल्यासारखे. मागच्या अंगणात बादली घासल्याचा आवाज मात्र स्पष्ट यायचा. घासली जायची, थांबायची, बऱ्याच वेळानं पुन्हा घासली जायची.

चौथ्या दिवशी ती भिंत धरत मागच्या दारापर्यंत गेली. सासरे हौदाच्या काठावर बसले होते, कोपरापर्यंत भिजलेले. शेजारी बादली होती, अर्धी. 

"पहिली होते," ते म्हणाले. "दुसरी नाही होत गं. तीन दिवस झाले. दुसरी नाही होत."

म्हातारं माणूस रडताना तिला बघवेना म्हणून तिनं खाली बघितलं. खाली दोन पायऱ्या होत्या.

त्यांना आत नेऊन, कपडे बदलून, चहा देऊन ती परत आली आणि खुरपं घेऊन पायरीच्या तळाशी खणायला बसली. माती भुसभुशीत होती, करडी, बिनवासाची. वीतभर खणल्यावर तिसरी पायरी लागली. तिच्या जिवात जीव आला. आहे, म्हणजे मला वेड लागलेलं नाही. तिनं आणखी खणलं. चौथी लागली. तीही आहे. इथं थांबायला हवं होतं. पण खुरप्याचं टोक चौथीच्या पुढं घसरून खाली गेलं आणि पुन्हा दगडावर वाजलं.

पाचवी. आणि तिच्याखाली, खांद्यापर्यंत हात घातल्यावर बोटांना लागलेली, सहावी.

तिनं पाचवी हातानं साफ केली. पायरीचा मधला भाग खोलगट झाला होता, गुळगुळीत, हजार वेळा पाऊल पडल्यावर होतो तसा. चौदा महिन्यांत तिची पावलं वरच्या पायऱ्यांवर पडली होती; त्यांना साधा ओरखडासुद्धा नव्हता.

"बुजव ते," मागून सासरे म्हणाले. ते दारात उभे होते, हातात कपबशी.

"किती आहेत अशा?"

"मी आलो तेव्हा आठ चढून घरात यावं लागायचं. सामान आणणाऱ्या हमालांनी शिव्या घातल्या होत्या."

"म्हणजे घर खचतंय."

"घर कशाला खचेल? घर आहे तिथंच आहे." त्यांनी चहाचा घोट घेतला. "रोज दोन बादल्या निघाल्या की जवळजवळ जिथल्या तिथं राहतं; अलीकडे तेवढ्यानंही पुरत नाही. ती होती तोवर आम्ही दोघं मिळून काढायचो. फार त्रास वाटायचा नाही."

ती म्हणजे सासूबाई. सूनबाईनं त्यांना पाहिलं नव्हतं. 'आई गेली,' एवढंच नवऱ्यानं लग्नाआधी सांगितलं होतं, आणि गेली म्हटल्यावर पुढं काय विचारायचं असतं? घरात त्यांचं काही उरलंही नव्हतं. ना कपडे, ना फणी, ना एखादा फोटो. सगळं बरोबर घेऊन गेल्यासारखं.

५

त्यानंतरचे दिवस सूनबाईनं डोक्यात एकच बेरीज करत काढले. तीन दिवसांत एक पायरी. ती निघून गेली तर पंधरा दिवसांत खिडकीची कड. महिन्या-दीड महिन्यात छताजवळचा झरोका. आत खुर्चीवर बसलेला, एकच बादली उचलता येणारा म्हातारा. ही बेरीज ती कोणाला दाखवणार होती? नवऱ्याला पत्र लिहायला बसली, तर पहिल्या ओळीतच आपण वेड्यासारखं लिहितोय हे तिला दिसलं. तिनं कागद चुरगाळला, आणि दहा वाजले होते म्हणून उठून बादल्या घेतल्या.

हे तिला सगळ्यात जास्त टोचलं. घराला कुलूप नव्हतं. फाटक दिवसभर सताड उघडं असायचं. रस्त्यावरून माणसं जायची, ब्लाउज शिवायला टाकून, गप्पा मारून जायची. तिला कोणी धरून ठेवलं नव्हतं. फक्त दहा वाजायचे.

अशात नवऱ्याला जागा मिळाली. तिसऱ्या मजल्यावरचा लहानसा फ्लॅट. रविवारी चार वाजता गाडी घेऊन येतो म्हणाला.

त्या संध्याकाळी ती सासऱ्यांसमोर जमिनीवर बसली. "बाबा, तुम्हीही चला."

"आणि इथं?"

"हौदाच्या तळाला भेग असणार. तिच्यातून माती वर येतेय. एकदा सगळं पाणी उपसू, भेग बघू, सिमेंट मारू. मग काढायलाच नको रोज. मासे बरोबर नेऊ."

"सगळं पाणी कधी काढायचं नसतं."

"माशांसाठी ना? माशांना टबात ठेवते, त्यांच्याच पाण्यात."

सासऱ्यांनी आपले हात उलटसुलट करून बघितले. बोटांच्या टोकांवर कायमच्या सुरकुत्या होत्या, पाण्यात फार वेळ राहिल्यासारख्या. "तळ बघायचा राहिलाच खरा," ते शेवटी म्हणाले. "धीर झाला नाही. बरं. भेग बुजली तर येतो मी."

रविवारी सकाळी ती सासऱ्यांच्या खोलीत गेली तेव्हा ते स्वतःची बॅग भरत होते. चार शर्ट, औषधांची डबी, आणि माशांच्या खाण्याचा डबा. तिच्याकडे बघून ते लाजल्यासारखे हसले. चौदा महिन्यांत पहिल्यांदाच.

६

पंपवाला साडेदहाला आला. ढोपरापर्यंत गमबूट, तोंडाला घडीची उसंत नाही.

"सोनमासा म्हणजे कसं, वहिनी, खाणार चिमूटभर आणि करणार खंडीभर. दिसायला सोन्याचा, घरमालकाला मातीत घालणारा." त्यानं पंपाची जाड नळी हौदात सोडली, दुसरं टोक रस्त्याच्या गटारात नेऊन टाकलं. "किती खोल?"

"अडीच फूट."

"तासाभराचं काम."

मासे जाळीनं टबात काढले. हेडक्लार्क, लंगडी, जावई. अकराही एका कोपऱ्यात, हौदाकडे शेपट्या करून, अंगाला अंग लावून थांबले. जागचे हललेही नाहीत. पंपवाल्यानं ते बघितलं. पंप सुरू केला.

पाणी अर्ध्या तासात गेलं. मग करडा गाळ यायला लागला, एकसारखा, पिठल्यासारखा दाट. अर्धा तास. पाऊण तास. पंपवाल्याच्या गप्पा विरळ होत गेल्या. शेवटी तो काठावरून आत उतरला आणि मांडीपर्यंत गेला.

"अडीच फूट म्हणालात ना?"

"हो."

"वहिनी, मी उभा आहे तिथं पाच झालेत. पाय टेकत नाहीत अजून." त्यानं कंबर वाकवून लोखंडी पहार आत खुपसली. ती गेली, गेली, आणि टण वाजली. दगडाचा किंवा सिमेंटचा आवाज नव्हता तो. त्यानं पहार बाजूला खुपसली. तिथं खट्ट वाजलं, भाजक्या मातीसारखं. "कौल आहे हे," तो म्हणाला. "इथं खाली कौलं कोणी घातली?"

पंप चालू होता. गाळ उतरत होता. उतरता उतरता आधी कौलांची एक ओळ दिसली, मग दुसरी, तिरकी, खाली खाली जाणारी. दोन ओळींच्या मध्ये लाकडी चौकट होती आणि चौकटीत काच. छपरात उजेडासाठी बसवतात तशी.

पंपवाल्यानं बाहीनं काच पुसली. वरचा गाळ गेला. तरी काच करडीच राहिली.

"आतून माखलीय," तो म्हणाला.

सूनबाई काठावर गुडघे टेकून वाकली. दुपारचं ऊन सरळ काचेवर पडलं होतं. तिला काच दिसत होती, काचेत आपलं डोकं दिसत होतं, डोक्यामागं आभाळ. आणि मग त्या करड्या थराच्या मधोमध एक गोल साफ झाला.

तो वरून साफ झाला नव्हता. पंपवाल्याचे दोन्ही हात पहारीवर होते.

गोल मोठा होत गेला. कोणीतरी खालून काच पुसत होतं. घाई नव्हती, रोजच्या कामाला असतो तसा हात. तीन वेळा गोल फिरवायचा, थांबायचं, फडकं पिळायचं, पुन्हा तीन वेळा. फडक्याच्या कडेनं बोटं दिसत होती. पांढरीफटक, टोकाला सुरकुतलेली. त्यांच्यामागं, खूप खाली, खोलीत पेटलेल्या दिव्याचा पिवळा डाग होता, आणि त्या उजेडात एका बादलीची कडी.

मग ऊन आत पोहोचलं असावं. हात थबकला. फडकं काचेवर आडवं धरलं गेलं, डोळ्यांवर ऊन आल्यावर आपण पदर धरतो तसं.

पंपवाला ओरडला नाही. तो मागं सरकला, एक पाय ओढून काढला, दुसरा निघेना म्हणून गमबुटातून नुसता पायच काढला आणि काठावर पालथा पडला. पंप बंद करताना त्याला खटका सापडत नव्हता. एक पाय अनवाणी, तसाच नळ्या गोळा करून तो फाटकाकडे निघाला. वळून एवढंच म्हणाला, "पाणी सोडा, वहिनी. आधी पाणी सोडा."

तिनं पिंप आडवं केलं. नळ पूर्ण सोडला. काच बुडेपर्यंत ती दुसरीकडे बघत राहिली.

७

सासरे पुढच्या खोलीत खुर्चीवर बसले होते. मांडीवर बॅग, पायात बूट, केस नीट विंचरलेले. शाळेच्या पहिल्या दिवशी बसतात तसे.

"तळ लागला?"

"नाही," ती म्हणाली. खोटं बोलायला तिला प्रयत्न करावा लागला नाही. तळ लागला नव्हताच.

"पाणी परत सोडलंस ना?"

"सोडलं."

"बरं केलंस. उजेड सोसत नाही."

कोणाला, हे तिनं विचारलं नाही. सासऱ्यांनी तिचा चेहरा बघितला, आणि मग सावकाश वाकून बुटांच्या नाड्या सोडायला लागले.

"बाबा, हे चारला येतील. आपण निघू. मागं वळून बघायचंच नाही."

"तू नीघ."

"तुम्हाला दुसरी बादली उचलत नाही."

"अर्धी अर्धी काढेन. दिवस काय, मोठा असतो." त्यांनी बूट शेजारी शेजारी नीट लावले. "तू केलंस तेवढं पुष्कळ केलंस, सूनबाई. या घरात कोणी एवढे दिवस केलं नाही. माझ्या लेकानंसुद्धा नाही."

चारला गाडीचा हॉर्न वाजला. नवरा फाटकाबाहेर उभा होता. ती बॅग घेऊन पळतच गेली. आत जा, त्यांना उचलून आणा, ऐकणार नाहीत, पाया पडते तुमच्या, असं सगळं ती एका दमात बोलली.

"नाही म्हणाले ना?" त्यानं तिच्या हातातली बॅग घेतली. "मग नाही."

त्यानं का, हे विचारलं नाही. पंपवाल्याचं विचारलं नाही. फाटकातून चिखलाचे ठसे रस्त्यावर गेले होते, एक बुटाचा, एक अनवाणी, त्यांच्याकडेही त्यानं बघितलं नाही. गाडी सुरू झाली तेव्हा सूनबाईनं घराकडे बघितलं. छप्पर बघायला मान फारशी वर करावी लागत नव्हती. कोणत्याही घराचं असावं त्यापेक्षा खूप खाली होतं ते. चौदा महिने हे तिला दिसलं कसं नव्हतं, कोण जाणे.

८

फ्लॅट उजेडाचा होता. तिसऱ्या मजल्यापर्यंत बेचाळीस पायऱ्या होत्या. सूनबाई रोज मोजायची, आणि रोज बेचाळीसच भरायच्या. हळूहळू झोप लागायला लागली. हाताचा वास गेला. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी पडदे शिवायला दिले.

सासऱ्यांना ती रोज दुपारी फोन करायची. ते धापा टाकत यायचे. "आहे, बरं आहे. दीड झाली आज." दुसऱ्या आठवड्यात, "एक झाली." मग, "दार जरा घट्ट बसतंय, बाकी ठीक." मग दोन दिवस फोन नुसता वाजत राहिला.

"अहो, आपण जाऊन येऊ," ती म्हणाली.

"उचलतील," नवरा म्हणाला. तो रविवार होता. तो खिडकीशी पेपर वाचत बसला होता.

तिनं पुन्हा लावला. बऱ्याच वेळानं कोणीतरी उचलला. धाप नव्हती. नुसता श्वास, आणि त्यामागं पाण्याचा थेंब थेंब आवाज.

"बाबा?"

"ते वर गेले," एक बाई म्हणाली.

 ती भिंतीला टेकून खाली बसली. फोनवर हे शब्द ऐकले की त्यांचा एकच अर्थ असतो. "कधी?" तिनं विचारलं. "कधी गेले?"

"आत्ताच. बादली टाकायला गेलेत. येतील खाली." आवाज घोगरा होता, फार दिवस न बोललेल्या माणसासारखा, पण प्रेमळ. "तू सूनबाई ना? तुझा हात फार चांगला होता गं. इथं कळायचं आम्हाला. आता ह्यांच्याच्यानं होत नाही, आणि माझ्या एकटीनं..."

रिसिव्हर तिच्या हातातून कोणीतरी काढून घेतला. नवरा शेजारी उकिडवा बसला होता. कधी उठून आला, तिला कळलं नव्हतं. त्यानं रिसिव्हर कानाला लावला, दुसऱ्या कानावर हात ठेवला, डोळे मिटले. आणि सूनबाईनं कधीही न ऐकलेल्या, लहान मुलासारख्या आवाजात म्हणाला, "जेवलीस का?"

मग तो नुसता ऐकत राहिला. मधून मधून मान हलवत होता. "हो," म्हणाला. थोड्या वेळानं, "हो गं. सांगतो." शेवटी, "नाही, रागावणार नाही ती. समजूतदार आहे."

त्यानं रिसिव्हर जागेवर ठेवला. उठला, खिडकीशी जाऊन बसला, पेपरची घडी मांडीवर नीट केली. सूनबाई त्याच्याकडे बघत होती. तो बाहेर बघत होता.

"सकाळी साडेसातची बस असते," तो म्हणाला. "तिला गर्दी नसते फारशी."